रजा आणि अप्पांचा आवाज

३ फेब्रु., मंगळ.
नळदुर्गला येऊन दोन दिवस झाले. रजा २० पर्यंत. अर्जावर सही करताना प्राचार्यांनी असं पाहिलं, जणू मी अख्खं पॉलिटेक्निक उचलून माहेरी नेतेय.
अप्पा आहेत तसेच. घशाच्या ऑपरेशनला चार महिने झाले. स्वरयंत्र काढलं, जीव वाचला. गळ्याला लावून बोलायचं यंत्र आणून दिलं होतं, ते एकदाच लावलं आणि कपाटात टाकलं. दुकानात जात नाहीत. पस्तीस वर्षं कापड बोलून बोलून विकलं, आता गिऱ्हाइकापुढं पाटी कशी धरायची? लाज वाटते त्यांना, मला दिसतं ते. आज दिवसभरात पाटीवर: पाणी. पंखा. नको. नको.

४ फेब्रु., बुध.
कॉलेजच्या वेळचं मेमरी कार्ड उघडलं. सगळं शाबूत. एम. ई.च्या प्रोजेक्टसाठी अप्पांना धरून सहाशे वाक्यं वाचून घेतली होती. दर दहा वाक्यांनी चहा मागायचे. त्या आवाजाचे तुकडे करून, जोडून, मराठी मजकूर बोलणारा प्रोग्राम केला होता.
अडचण जुनीच. प्रोग्राम चालायचा तो कॉलेजच्या लॅबमध्ये बनवलेल्या प्रोसेसरवर. तो बोर्ड जळाला, मूळ कोड कुठं गेला देव जाणे. उरली नुसती तयार फाइल, जिची भाषा त्या मेलेल्या प्रोसेसरलाच कळायची. म्हणून तीन महिने एम्युलेटर लिहितेय. माझ्या लॅपटॉपनं तो प्रोसेसर असल्याचं सोंग घ्यायचं. सोंग बरंचसं जमलंय. आता फक्त प्रोग्राम सुरू करायचा राहिला. फक्त!
आईला एवढंच सांगितलं, अप्पांचा आवाज ह्या कार्डात आहे. ती म्हणाली, "मग काढ की भाईर."

६ फेब्रु., शुक्र.
सुरू झाला. 'काय बोलायचं ते दिलेलं नाही' अशी ओळ दाखवून बंद पडला. बरोबरच आहे त्याचं. बोलायचा मजकूर सुरू करतानाच अर्ग्युमेंट म्हणून द्यायचा, ही सोय माझीच. तेव्हाचा आळस.
खऱ्या यंत्रावर ऑपरेटिंग सिस्टिम ते सगळं स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या ठरलेल्या जागी, नीट मांडते आणि मग प्रोग्रामला उठवते. इथं ऑपरेटिंग सिस्टिम मीच. वरच्या बाजूला मजकूर, आणि खाली ओळीनं: अर्ग्युमेंटं किती तो आकडा, त्यांचे पत्ते, मग एन्व्हायर्नमेंटचे पत्ते, शेवटी शून्य. एन्व्हायर्नमेंट म्हणजे प्रोग्रामला लागणारी वरची माहिती; तीत एकच ओळ लागते, आवाजाच्या तुकड्यांचं फोल्डर कुठं आहे ती.
मांडामांड लिहायला घेतली. दुपारी दोन तास लाइट नव्हती. बॅटरी संपली, मीही.

९ फेब्रु., सोम.
अर्ग्युमेंट पोचतंय. आता म्हणतो, आवाजाचं फोल्डर सापडत नाही. फोल्डर तिथंच आहे. पत्ता दहादा वाचला.
सोलापूरहून ह्यांचा फोन, रजा वाढवणार नाहीस ना. नाही म्हटलं. पाठ भरून आलीय. आई शेजारी बसून हरभरा सोलत होती. मधूनच विचारलं, "कुटवर आलं?" घरापर्यंत आलंय, दार सापडत नाही म्हटलं. तिनं मूठभर हरभरे पुढं केले.

११ फेब्रु., बुध.
सापडलं. अर्ग्युमेंटांचे पत्ते संपले की एक शून्य ठेवायचं असतं, आणि मग एन्व्हायर्नमेंट. ते मधलं शून्य मी ठेवलंच नव्हतं. प्रोग्राम सवयीनं एक घर सोडून पुढं बघतो, आणि नेमक्या त्या सोडलेल्या घरात माझी एकुलती एक ओळ बसलेली. हेच दरवर्षी फळ्यावर शिकवते. चुकलं की पोरांवर डाफरते.
शून्य ठेवलं. इंग्रजी अक्षरांत 'आई' लिहून दिलं. सव्वा मिनिट काहीच नाही. मग कानात अप्पा म्हणाले, आई.
हेडफोन होता म्हणून बरं. मागच्या खोलीत बसून रडले. कुणाला सांगितलं नाही अजून.

१३ फेब्रु., शुक्र.
अप्पांना इंग्रजी अक्षरं येत नाहीत. मराठीतच टाइप करणार. म्हणून देवनागरीत 'नमस्कार' दिलं. 'नम' म्हणाला आणि गप्प. 'नळदुर्ग' दिलं. 'नळ' आणि गप्प. इंग्रजी अक्षरांत तेच दिलं की सरळ बोलतो.
सगळं तपासलं. एक आठवडा उरला. आज अप्पा दाराशी येऊन उभे राहिले, स्क्रीनकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पाटीवर लिहिलं: झोप जरा. दुपारचे तीन वाजले होते. झोपले.

१५ फेब्रु., रवि. महाशिवरात्र.
भगर, शेंगदाण्याची आमटी, वर रताळ्याच्या फोडी. उपवास म्हणून दुप्पट खाल्लं.
खाऊन बसले आणि चूक समोरच दिसली. मजकुराला स्टॅकवर जागा धरताना मी अक्षरं मोजत होते. इंग्रजी अक्षराला मेमरीत एकच घर लागतं, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन. म्हणजे मी जागा धरली तिसरा हिस्सा, आणि उरलेल्या मजकुरावर पुढची ओळ, फोल्डरचा पत्ता, जाऊन बसली. मराठी बोलणारा प्रोग्राम, लिहिणारी मराठी बाई, आणि जागा धरली इंग्रजीच्या मापानं. कापडवाल्याची पोरगी असून मापात चुकले.
दोन ओळी बदलल्या. 'नमस्कार' पूर्ण आलं. 'र' जरा लांबतो, तो अप्पांचाच.

१६ फेब्रु., सोम.
स्क्रीनवर एक चौकट करून दिली. तीत मराठीत लिहायचं, बटण दाबायचं, बाकीचं आतल्या आत. वेगही वाढवला, आता वाक्याला वीसेक सेकंद लागतात. सकाळी आंघोळ-पूजा उरकल्यावर अप्पांना बसवलं. दुकानातलं त्यांचं नेहमीचं लिहिलं: 'या, बसा, काय दाखवू?'
ऐकलं. पुन्हा लावायची खूण केली. पुन्हा ऐकलं. पाटीवर लिहिलं: ह्यो कोण हाय?
मी म्हटलं, तुम्ही. त्यांनी पुसून लिहिलं: माजा आवाज असा न्हाय.
आई दारात उभी होती. म्हणाली, "तुमचाच हाय ह्यो. तुमाला काय ठावं? आयकत तर म्या आले."
मी समजावलं, की आपला आवाज आपल्याला हाडांतून ऐकू येतो, म्हणून बाहेरचा परका वाटतो, सगळ्यांनाच वाटतो. हात वर करून मला थांबवलं आणि भिंतीकडं तोंड करून पडले.
राग आला. तीन महिने. निदान लेकीनं केलं म्हणून तरी. अंगणात जाऊन उभी राहिले, हायवेचे ट्रक ऐकत.

१७ फेब्रु., मंगळ.
सिद्धू जेवायला आला (दुकान आता तोच बघतो, माझा धाकटा भाऊ असून). त्याला ऐकवलं. हातातला घास खाली ठेवला त्यानं. अप्पांनी आमच्याकडं एकदा पाहिलं आणि ताटावरून उठले.
दुपारी ते झोपल्यावर आई हळूच आली. "माज्यापुरतं येकदा लाव की." काय बोलायला लावू विचारलं तर म्हणाली काहीबी, जेवलीस का म्हणू दे. लावलं. वीस सेकंद ती पदर धरून बसली. लॅपटॉपनं विचारलं, जेवलीस का. ती म्हणाली, "व्हय." आणि उठून भांडी घासायला गेली.

१९ फेब्रु., गुरु.
उद्या निघायचं. जुन्या लॅपटॉपवर सगळं बसवून तो त्यांच्या खोलीत टेबलावर ठेवला. अप्पांनी पाहिलंही नाही. सकाळी मी आईबरोबर बाजारात गेले, परत यायला साडेबारा झाले. अप्पा खुर्चीत, पेपर वाचत. लॅपटॉप बंद.
आत्ता मी सगळं एकदा तपासायला बसले. चुका शोधायला म्हणून एम्युलेटरला सांगून ठेवलं होतं, की दर वेळी स्टॅकवर काय मांडलं ते एका फाइलीत लिहायचं. ते बंद करायचं राहून गेलं होतं. आज अकरा ते बारामध्ये चार नोंदी.
पहिली: अर्ग्युमेंट एकच, म्हणजे प्रोग्रामचं नाव. चौकट रिकामी ठेवून नुसतंच बटण दाबलेलं.
दुसरी: कलावती.
तिसरी: कलावती.
चौथी: कलावती, ऐक.
कलावती म्हणजे आई. अप्पांच्या तोंडून हे नाव मी आजवर ऐकलेलं नाही. घरात ती माझ्यावरून 'नंदीची आई', फार तर 'अगं'. सहाशे वाक्यांतही हे नाव नव्हतं, प्रोग्रामनं तुकडे जोडून केलं असणार. आपला नव्हे म्हणाले, त्याच आवाजात. एकटेच ऐकत बसले असतील, एकेका नावाला वीस सेकंद.
आई स्वयंपाकघरात माझ्यासाठी चटण्या भरतेय. हाक मारून दाखवावं असं फार वाटलं.

२० फेब्रु., शुक्र.
सकाळची गाडी. निघताना अप्पांना विचारलं, लॅपटॉप नेऊ का ठेवू. त्यांनी पाटी शोधली, सापडेना. बोटानं टेबल दाखवलं.
पिशवी दारापर्यंत त्यांनीच आणली. आई म्हणाली आवाजाचं काय झालं ते कळव. तिला वाटतंय अजून काही करायचं राहिलंय.
तिला सांगितलं नाही. त्यांनाही काही बोलले नाही. निघण्याआधी ती फाइल पुसली आणि नोंद ठेवणं बंद केलं. आता ते काय लिहितात, आईला ऐकवतात की नाही, ते मला कळायची सोय नाही.