बाराव्या कप्प्याची रिकामी ओळ

९ नोव्हेंबर १९९८, कतारगाम
आलो एकदाचा सुरतेला! दिवाळीची सुट्टी संपून लूमचं खातं, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना, आजच उघडलं. शेठनं काचेची केबिन दिली, कॉम्प्युटर दिला, वर मलाईदार चहा. एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स म्हटल्यावर देईल नाही तर काय! कारीगर सगळे आमच्या खानदेशातले. अहिराणीत बोलायला आले, मी पुणेरी मराठीत उत्तर दिलं. उगाच सलगी नको.

मुकादम भाऊराव रोज सकाळी दोन याद्या शेजारी मांडतो. डावीकडे माणसं, उजवीकडे जागा. आधी ऑफिस, मग आठ-आठ लूमचे बारा कप्पे. पहिल्या नावापुढे पहिली जागा, दुसऱ्यापुढे दुसरी. एवढ्यासाठी अर्धा तास जीभ बाहेर काढून लिहितो. धन्य आहे!

१० नोव्हेंबर
पुण्याहून फ्लॉपीवर आणलेली आर नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा कॉम्प्युटरवर चढवली. दोन याद्या दिल्या, एकच आज्ञा दिली, आणि नावं-जागा ओळीनं जोडून कागद बाहेर. पहिलं नाव माझं, हेमराज, जागा ऑफिस. मग अकरा कारीगर, अकरा कप्पे.

भाऊरावच्या यादीत नावांच्या शेवटी एक ओळ रिकामी होती, बाराव्या कप्प्यापुढची. तो कप्पा बंद असतो. गेल्या हिवाळ्यात सुकदेव नावाच्या कारीगराचा तांबडा मफलर तिथल्या पट्ट्यात अडकला आणि तो गेला. वाईट झालं. पण म्हणून काय रिकाम्या ओळीला माणूस म्हणून मोजायचं? काढून टाकली.

आता नावं बारा, जागा तेरा. आर अशा वेळी कुरकुरत नाही. आखूड यादी संपली की पहिल्यापासून परत सुरू करते. त्यामुळे शेवटची ओळ आली, हेमराज, कप्पा बारा. भाऊरावचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणाला, साहेब, ती ओळ त्याची आहे, राहू द्या. मी खो-खो हसलो आणि कागद भिंतीवर डकवला.

१२ नोव्हेंबर
दुपारी वीज गेलेली असताना बाराव्या कप्प्यात लूम खटखटत होते. जाऊन बघितलं तर नऊ मीटर ताजं कापड, काठाला तांबडी लोकर विणलेली. कापडाला लावलेल्या चिठ्ठीवर कारीगर हेमराज. अक्षर माझं. या अडाण्यांत माझं अक्षर गिरवणारा कोण आहे ते काढतोच शोधून.

१३ नोव्हेंबर
यादीतला दुसरा, म्हातारा धुडकू, केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, तठे सुकदेव शे, भाऊ. ओळ परत टाका, नाहीतर आम्ही चाललो. मी म्हटलं, खुशाल चालते व्हा! मला शिकवायला निघालेत.

चिठ्ठी आजही निघाली. अठरा मीटर.

१४ नोव्हेंबर
मानेवर लाल वळ. कॉलर आवळते, बटण उघडं असूनही. घाबरलोय, लिहून टाकतो. कुणी नाही बघून रिकामी ओळ परत टाकली. कागद काढला — हेमराज, कप्पा बारा. पुन्हा टाकली — पुन्हा तेच.

भाऊरावला विचारू? त्या चौथी नापासाला? छट्.

१६ नोव्हेंबर, सकाळी
कुणीच नाही. भाऊराव आणि अकराही जण भुसावळ पॅसेंजरनं गावी गेले, चहावाला सांगत होता. माझ्या उद्दामपणामुळे गेले म्हणे.

म्हणजे यादीत आता एकच नाव —

प्रिंटरला मी हातही लावला नव्हता —

हेमराज, ऑफिस. हेमराज, कप्पा एक. हेमराज, कप्पा दोन. हेमराज — तेराही ओळी —

सगळे लूम सुरू झाले. काचेतून दिसतंय. दर कप्प्यात माझा चौकड्यांचा शर्ट, पाठमोरा. एक, दोन, तीन — बाराव्यातला वळला. तोंड माझंच. गळ्यात तांबडा मफलर, टोक पट्ट्यात. ओरडतोय, अहिराणीत — सगळं समजतंय मला —

इथे माझ्या गळ्याला लोकर —

भाऊराव, चुकनं मनं, ती ओळ परत लि