दत्तारामचा एकच शब्द

२९ ऑक्टो., बुध.
रोह्याला हॉस्पिटलात जाऊन आलो. दत्तारामला लकवा मारून आज सहावा दिवस. उजवी बाजू गेली. हिरावैनी, त्याची बायको, बाहेर बाकावर. अंगावर तीच साडी, परवाची.
मला ओळखलं त्याने. पाणी हवं का विचारलं. "नाय," म्हणाला, आणि गिलासासाठी डावा हात पुढे केला. डॉक्टर म्हणतात, ऐकलेलं बहुतेक कळतं, पण तोंडात हा एकच शब्द उरलाय. बाकीचे येतील, किंवा नाही येणार.

३० ऑक्टो.
दिवसभर घरीच. कोणाशी बोलणं नाही.
बावीस वर्षं एक कंपनी, एक बस. मी रामवाडीला चढायचो, तो गडबला. मी लॅबमध्ये, तो बॉयलरवर. वाद एकच, देव आहे की नाही. तो म्हणायचा, आमच्या आगरात पाणी घेतलं, ऊन पडलं, मीठ झालं. ऊन कोणी पाडलं? मी बाष्पीभवन समजावायचो. "तुमी कसा झाला ते सांगताव. का झाला ते नाय सांगत." तोवर नागोठणे यायचं.
रिटायर झाल्यावरही दर गुरुवारी गडबच्या टपरीवर चहा नि तोच वाद. आज गुरुवार.

५ नोव्हें., बुध.
द.ला घरी आणलं. गडबला गेलो. ओटीवर खाट टाकलीय. वैनी भात झोडायला माणसं लावायची म्हणून शेतावर गेल्या, मी त्याच्यापाशी.
विचारायला नको होतं. विचारलं.
"दत्ताराम, देव हाय का?"
बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग, "नाय."

६ नोव्हें.
एवढी वर्षं त्याच्या तोंडून हाच शब्द ऐकायचा होता. मिळाला. उपयोग शून्य. तुझं नाव दत्तारामच ना, असं विचारलं असतं तरी नायच म्हणाला असता.
आणि माझ्या तरी हातात काय होतं? लॅबमध्ये एखादी गोष्ट सापडली नाही तर रिपोर्टात "नाही" लिहायची सोय नव्हती. "आढळले नाही" लिहायचं. माझा सगळा नास्तिकपणा तेवढाच. हे त्याच्यापाशी कधी कबूल केलं नाही. बसमध्ये हरायला नको म्हणून. आता कबूल करून
जाऊ दे.

८ नोव्हें., शनि.
पुन्हा गडब. वैनी म्हणाल्या, सांजेला फार त्रास होतो त्याला. रोज दिवा लावून स्तोत्र म्हणायचा, आजाने शिकवलेलं. आता हात जोडतो, तोंड उघडतो, "नाय" येतं. पुन्हा उघडतो, पुन्हा तेच. काल निरांजन लोटून दिलं. मोबाइलवर स्तोत्र लावून बघितलं तर मोबाइल ढकलला.
"माझा अर्धाच पाठ हाय. तुमाला येतंय ना? तुमी म्हना, भाऊ."
येतं. लहानपणी आईने पाठ करून घेतलेलं. पण मी नाही म्हणालो. वैनींना सांगितलं, माझा विश्वास नाही, त्याच्या घरात त्याच्यासमोर खोटं कसं म्हणू? त्यांनी चहा दिला. साखर विसरल्या होत्या.

९ नोव्हें., रवि.
मुलीचा फोन, बेंगळुरूहून. जेवलात का, गोळ्या घेतल्या का. द.चं सांगावं असं मनात आलं. ती घाईत होती.

११ नोव्हें.
दूधवाल्याशी दोन वाक्यं. बाकी दिवस गप्प. वि., माझी बायको, गेली त्या वर्षी असंच व्हायचं. तेव्हा द. यायचा. देवाचा विषय काढायचा नाही महिनाभर. नुसता बसून राहायचा, सोबत तांदळाची भाकरी फडक्यात. मी तेव्हा त्याला विचारलं नव्हतं, तुझा विश्वास कशावर नि माझा कशावर.

१४ नोव्हें., शुक्र.
संध्याकाळी मिनीडोर रिक्षाने गडबला गेलो. वैनींनी कारण विचारलं नाही, दिवा लावला. मी खाटेशेजारी बसलो. त्याने डावा हात उजव्याला टेकवला, जोडल्यासारखे झाले.
म्हणायला लागलो. आवाज परका वाटला. आठ-दहा ओळी नीट गेल्या. मग
"नाय."
सवयीने म्हणाला असेल म्हणून पुढे गेलो. पुन्हा "नाय," या वेळी जोरात, आणि डावा हात वर. थांबलो. मागे जाऊन मनात मोजलं. एक ओळ गाळली होती मी. ती म्हटली. हात खाली आला. मान हलली.
म्हणजे सगळं आत आहे त्याच्या, शब्दन् शब्द. आणि आजचं नाय खरं होतं. मग त्या दिवशीचं? मी विचारलं तेव्हाचं? बराच वेळ बघून दिलेलं?
शेवटपर्यंत म्हटलं. तो रडत नव्हता. डोळे मिटलेले, चेहरा शांत. मला काय झालं ते लिहीत नाही.
वैनी अंगणापर्यंत आल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुमचा इश्वास नाय. मंग तुमी म्हनलेला त्याला पोचत आसंल का?"
ठाऊक नाही म्हणालो. खरंच नाही ठाऊक.
त्या म्हणाल्या,
"मंग उद्या पन या."
हो म्हणालो.