वादळ उत्तरेकडे वळणार आहे

सोमवार, १५ सप्टेंबर. दुपारी ४.

पोचलो. मनगटाला हिरवा पट्टा बांधून घेतला. आता शनिवारपर्यंत खाणंपिणं, खुर्ची, टॉवेल, समुद्र, सगळं आपलं. गुरुवारी लग्नाला पस्तीस वर्षं होतात म्हणून लेकीने न्यू जर्सीहून हे बुकिंग करून दिलं. बायकोला, एव्हारिस्ताला, समुद्रकाठचे पाच दिवस मी लग्नातच कबूल केले होते. शब्द पाळला. थोडा उशीर झाला इतकंच.

बुकिंग बागेकडच्या खोलीचं होतं, मिळाली थेट समुद्रासमोरची. तळमजला, चाळीस पावलांवर लाटा. डोंगरातल्या ला वेगाच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला हे मी काउंटरवर सांगितलं होतं. लगेच प्रोफे, म्हणजे मास्तर, म्हणू लागले. शिक्षकाला अजून मान आहे म्हणायचा. एव्हारिस्ता म्हणाली, हॉटेल अर्धं रिकामं आहे म्हणून दिली. तिला कशाचं कौतुक म्हणून नाही.

संकल्प: बुफेत एका वेळी एकच प्लेट. रम संध्याकाळी सहानंतर. सकाळी चार किलोमीटर चालणं.

संध्याकाळी ६:३०. तीन प्लेटी. पहिली नुसती पाहणी होती. रम साडेचारला घेतली, कारण प्रेमाने पुढे केलेल्या ग्लासाला नाही म्हणणं बरं दिसत नाही.

टीव्हीवर बातमी: पूर्वेला भर समुद्रात एक वादळ तयार झालंय. त्याला बाईचं नाव दिलंय. मी ते इथे लिहिणार नाही, उगाच मान मिळतो. अक्षांश-रेखांश मांडून पाहिले. वादळ उत्तरेकडे वळणार आहे.

मंगळवार, १६ सप्टेंबर. सकाळी ९.

सहाशे मीटर चाललो. वाळू मऊ, म्हणजे हिशेबाने दुप्पट धरायला हरकत नाही.

वारा मुळीच नाही. लाटा थोड्या, पण मोठ्या, आणि दोन लाटांच्या मध्ये फार वेळ. घड्याळ लावून मोजलं, चौदा सेकंद. एव्हारिस्ता पाण्यात उतरली नाही. म्हणाली, हा समुद्र दम धरून बसलाय. डोंगरातली बाई. माळी माडांवर चढून हिरवे नारळ पाडतायत, एकूण एक. मोठी पार्टी असणार.

गुरुवारी साडेसातला लॉब्स्टरचं टेबल सांगायला गेलो. पाहुण्यांची कामं बघणारी युबेल्किस म्हणून बाई आहे, पस्तिशीची, डोळ्यांखाली काळं. म्हणाली, प्रोफे, गुरुवारचं गुरुवारी बघितलं तर? मी तिला समजावलं की देशाच्या मध्यावर तीन हजार मीटरचे डोंगर असताना वादळाची काय बिशाद. ती कागदांना पिना मारत होती, पण लक्ष पूर्ण माझ्याकडे. टेबल लिहून घेतलं.

संध्याकाळी ५. आज स्थानिक प्रवास. हॉटेलची व्हॅन नाकारली, ती परक्यांसाठी. मी याच मातीतला. नाक्यावरून ग्वाग्वा पकडली. मिनीबसमध्ये आम्ही सव्वीस माणसं, शिवाय माझ्या मांडीवर एका बाईचं केळ्यांचं पोतं. एल कोकालितो, कोळ्यांचं गाव, फक्त तीन किलोमीटर. मी कंडक्टरला जवळचा रस्ता सुचवला. तो म्हणाला, प्रोफे, गाडी तुम्ही चालवता की आम्ही? गाव कधी मागे पडलं कळलं नाही. अकरा किलोमीटरवर उतरलो.

परत यायला मोटरसायकलवाला केला. तातिको. बुटका, हेल्मेट कोपरात अडकवलेलं. वाटेत लाल खेकडे. शेकड्यांनी, रस्ता ओलांडून टेकडीकडे. तातिकोने गाडी हळू केली आणि छातीवर क्रूस काढला. मी म्हटलं, अरे, हा त्यांचा विणीचा हंगाम. तो म्हणाला, मग सगळी वरात एकाच दिशेला कशी हो?

कोकालितोत होड्या पार गल्लीपर्यंत ओढून बदामाच्या झाडांना बांधलेल्या. पत्र्यांवर वाळूची पोती. समुद्राकडचं शेवटचं घर तातिकोने दाखवलं: इथे युबेल्किसचा बाप राहतो, नेरेओ, एकटाच. म्हातारा स्वतःच्या घराची खिडकी चौकटीसकट खांद्यावर घेऊन वर चालला होता. दुरुस्तीला असणार.

बुधवार, १७ सप्टेंबर. सकाळी १०:३०.

कॅनडावाले गेले, रशियन गेले. बसवर बस लागतेय. जाऊ देत. पोहण्याचा अख्खा तलाव आपला! पण नोकर खुर्च्या उचलून तलावात टाकतायत. मी जाब विचारला. एक जण म्हणाला, बुडालेली खुर्ची उडत नाही, प्रोफे. इकडची म्हण असावी. लिहून ठेवली.

बुफेत आज फक्त भात, राजमा आणि हॅम. पोटाला विश्रांती.

दुपारी २. युबेल्किस फोनवर बापाशी भांडत होती. शाळेत, शाळेत, हट्ट करू नका, एवढं कानावर आलं. शाळेत म्हणजे निवाऱ्याला. मला राहवलं नाही. म्हटलं, म्हाताऱ्याला कशाला त्रास देतेस, पोरी? वादळ उत्तरेकडे वळणार आहे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बिछान्यात राहू दे त्याला. ती मान हलवून म्हणाली, बरं प्रोफे. एका म्हाताऱ्याची फरफट वाचवली.

एव्हारिस्ताने विचारलं, तुला कुणी विचारलं होतं?

दुपारी ४. लाल इशारा जाहीर झाला. तीनच्या बसने निघू या म्हणून एव्हारिस्ता मागे लागली होती. एकोणऐंशीच्या वादळात तिच्या आजोळचं घर नदीने नेलं, तेव्हापासून वारा सुटला की ती कपाटाची दारं दोरीने बांधते. मी शास्त्र समजावलं. शिवाय उद्याचं टेबल. पस्तीस वर्षं म्हणजे काय चेष्टा आहे? तिने बॅग भरली.

सूर्यास्त विटेच्या रंगाचा. मोठे काळे पक्षी समुद्राकडून डोंगराकडे. एकही उलट नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर. दुपारी १.

शेवटची बस अकराला होती. वाद नको म्हणून मी मध्यम मार्ग काढला: रात्रीचं जेवण इथेच करू, मग ग्वाग्वाने आतल्या भागातल्या इग्वेयला जाऊ. माझी रस्त्यावर ओळख आहे. रात्रीची गाडी ठरवायला नाक्यावर जाऊन उभा राहिलो. दीड तास. एक ग्वाग्वा नाही. एक कुत्रं नाही. शेवटी तातिको आला, मागे गॅसची टाकी बांधलेली. म्हणाला, बसा, बाईंनाही दुसऱ्या फेरीत नेतो. मी म्हटलं, साडेसातला टेबल आहे. त्याने टाकीची दोरी आवळली. मग गेला.

परतलो तर बस गेलेली. मनात आलं, एव्हारिस्ताही गेली. आत पळत गेलो, ऊन होतं म्हणून. ती लॉबीत बॅगेवर बसली होती. गेली का नाहीस म्हणून विचारलं. म्हणाली, तुला एकट्याला सोडलं तर तू समुद्राला शिकवायला जाशील.

संध्याकाळी ७:३०. लॉब्स्टरचं रेस्टॉरंट बंद. दारांवर फळ्या ठोकल्यात. सगळ्यांना मधल्या इमारतीच्या हॉलमध्ये आणलं: आम्ही एकोणीस पाहुणे, चौदा नोकर, आणि गाद्या. हॅमचं सँडविच. मी ग्लास उंच करून एव्हारिस्ताला म्हटलं, पस्तीस. तिने स्वतःच्या सँडविचमधलं चीज काढून माझ्या पावात घातलं. ते मला आवडतं.

तेवढ्यात युबेल्किस सुरक्षारक्षकाला सांगत होती, दुपारपासून पप्पांचा फोन लागत नाहीये.

मी सँडविच खाली ठेवलं.

समुद्राकडचं शेवटचं घर. समुद्रसपाटीपासून उंची फार तर दोन मीटर. रेडिओवर लाटांचा अंदाज चार मीटर. ही वजाबाकी दुसरीतली पोरं करतात.

शुक्रवार, १९ सप्टेंबर. सकाळी ७.

वळलं नाही.

८:१०. आवाज वाऱ्यासारखा नाही. कुणीतरी छतावरून लोखंडी पलंग ओढत नेतंय तसा. छताचा एक कोपरा श्वास घेतोय, वर, खाली.

८:४०. युबेल्किस पाण्याच्या बाटल्या वाटतेय. मला दिली. म्हणाली, प्रोफे, थोडं थोडं प्या. मी दोनदा तोंड उघडलं. सांगता आलं नाही.

९ च्या सुमारास. एव्हारिस्ताने विचारलं, दुखतंय का कुठे? सकाळपासून एक शब्द नाही तुझा. तिला सांगितलं. म्हातारा माझ्यामुळे घरात राहिला. मीच म्हटलं, स्वतःच्या बिछान्यात राहू दे. तेव्हाच समुद्राकडचं दार आत वाकलं. ती म्हणाली, नंतर रड. आता गादी धर.

दार धरलं. बारा माणसं, चार गाद्या. पाणी घोट्यापर्यंत. खारं.

११:५०. उतरतंय.

दुपारी १. आमची खोली बघून आलो. खोली आहे, भिंत नाही. पलंग तलावात, खुर्च्यांवर.

मी कोकालितोला जाणार. युबेल्किसला सांगितलं नाही. ती हॉलमधून हलू शकत नाही. एका बाईचा पाय मोडलाय. मीच जायला हवं. जे दिसेल ते आधी मला दिसू दे. एव्हारिस्ता चपला शोधतेय. तू थांब म्हटलं. ती म्हणाली, रस्ता तू शोधणार, म्हणून तर येतेय.

शनिवार, २० सप्टेंबर. सकाळी ८. कोकालितोची शाळा.

कालचं लिहितो.

तीन किलोमीटरला अडीच तास लागले. माड आडवे, तारा आडव्या, त्यांच्याखालून रांगत. एव्हारिस्ता पुढे. मी एकदाही रस्ता सुचवला नाही.

समुद्राकडचं शेवटचं घर नव्हतं. म्हणजे फरशी होती. न्हाणीघराची एक भिंत, तिच्यावर साबणदाणी, साबणदाणीत साबण. बाकी वाळू. मी त्या फरशीवर बसलो. म्हातारा त्या दिवशी खिडकी घेऊन चालला होता, त्याला मी हाकही मारली नव्हती. एव्हारिस्ता बाजूला बसली.

मोटरसायकल ढकलत तातिको आला. म्हणाला, प्रोफे, दुसऱ्याच्या घरात काय करताय? मी म्हटलं, मी मारलं त्याला. तो म्हणाला, कुणाला? मी म्हटलं, नेरेओला. तातिकोने आधी एव्हारिस्ताकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, नेरेओ मंगळवारपासून शाळेत आहे हो. खिडकी, दार, कोंबड्या, सगळं घेऊन गेलाय. आत्ता डॉमिनो खेळतोय आणि लबाडी करतोय.

शाळा टेकडीवर. नेरेओ खरंच डॉमिनो खेळत होता. सुका, काटक. मी त्याचे दोन्ही हात धरले आणि मला रडू आलं. त्याने आपले ठोकळे पालथे घातले, मी बघू नयेत म्हणून. मग शेजाऱ्याला विचारलं, हे कोण?

आज सातला युबेल्किस आली, गुडघ्यापर्यंत चिखल. बापाच्या गळ्यात पडली. तिला जरा सावरू दिलं आणि मग उभा राहून रीतसर माफी मागितली. म्हटलं, बुधवारी मी तुला चुकीचा सल्ला दिला. तो ऐकला असतास तर आज मी तुला तोंड दाखवू शकलो नसतो.

ती म्हणाली, कुठला सल्ला?

मी आठवण दिली. बापाशी फोनवर बोलत होतीस, तेव्हा. ती म्हणाली, तेव्हा ना? पप्पा रेडिओ आणायला घरी परत जायचं म्हणत होते, मी म्हटलं हलायचं नाही तिथून. तुम्ही काहीतरी बोलत होता खरं. मला वाटलं, टॉवेल हवेत.

सगळे हसले. नेरेओला ऐकू कमी येतं, त्याला पुन्हा सांगावं लागलं. मग तोही हसला.

माझा जीव भांड्यात पडला, हे आधी लिहितो. म्हातारा जिवंत आहे. पण संपूर्ण शुक्रवार ज्या पापाखाली मी दबून होतो, ते पाप कुणाच्या कानापर्यंतही पोचलं नव्हतं.

सकाळी १०. शाळेच्या रेडिओवर बातमी: वादळ पहाटे उत्तरेकडे वळलं. मी एव्हारिस्ताला सांगायला गेलो. ती मोठ्या पातेल्यासमोर युकाचे कंद सोलत होती. मी नुसतं "उत्तर" म्हटलं. तिने सुरी हातात तशीच ठेवून वर बघितलं. मी दुसरी सुरी घेतली आणि सोलायला बसलो.

रविवार, २१ सप्टेंबर. संध्याकाळी ५. घर.

तीन ग्वाग्वा बदलून आलो. प्रत्येक कंडक्टरने जिथे सांगितलं तिथे उतरलो.

लेकीचा फोन. तीन दिवस लावत होती, आधी रडली, मग ओरडली. एव्हारिस्ताने तिला शांत केलं. लेकीने विचारलं असावं, एवढ्या सगळ्यात एक तरी क्षण सुखाचा गेला का, कारण एव्हारिस्ता खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, हो गं. शुक्रवारी सकाळी तुझे पप्पा दोन तास गप्प होते.