खिडकीचे कार्ड

प्रिय बयो,

तू नोकरीसाठी दूर असल्याने, वाचताना अडखळणाऱ्या भिंगरीकरिता वाचनाचे साधन निवडण्याचे काम माझ्यावर सोपवलेस. ते काल तडीस गेले, हे प्रथम कळवतो. तुझी आई गेल्यापासून मी हसलो नव्हतो; काल नातीच्या शाळेत पोट धरून हसलो.

परीक्षा विभागात हयात घालवलेला मी; पाच साधनांचा गुणतक्ता करून नेला. शिक्षिकाबाईंनी तो शांतपणे पाहिला आणि म्हणाल्या, "आजोबा, तक्ता झकास. पण वाचायचंय कोणाला?" उमेदवारालाच विचारायचे राहिले होते! तोवर भिंगरीने वाचून दाखवणारे पेन माझ्या तक्त्यावरूनच फिरवले. ते एकसुरी आवाजात माझे रकाने वाचू लागले, तशी ती ओरडली, "अय्या, हे तर आजोबांसारखंच बोलतं!"

लांब धड्यांसाठी तिने ते पेन घेतले. रोजच्या वाचनासाठी मात्र निवडले साधे पुठ्ठ्याचे कार्ड, मधोमध एका ओळीपुरती खिडकी कापलेले. ते पाहून मी खुर्चीत बसलो. तुझी आई अगदी असेच कार्ड ठेवून वर्तमानपत्र वाचत असे. "माझी ओळ पळून जाते हो," म्हणायची आणि मी थट्टा करायचो. आलेली पत्रे ती माझ्याकडून वाचून घेई, म्हणे, "तुमचा आवाज छान आहे." तेही खरे असेल. तेवढे माझ्याकडे राहू दे.

ही अडचण पुष्कळदा घराण्यात उतरते, असे बाई म्हणाल्या. घरी येऊन मी तुझे जुने प्रगतिपुस्तक काढले. पालकांच्या शेऱ्यात, माझ्या सुवाच्य अक्षरात, तिन्ही सत्रांत एकच शब्द: 'आळस'. माझ्या पत्रांना तू उत्तर देत नाहीस, फोन करून "काय लिहिलं होतंत, बाबा?" विचारतेस, याचाही मी वर्षानुवर्षे राग धरला.

तो शेरा आज मी तिन्ही ठिकाणी खोडला आणि रीतसर सही केली. या पत्राच्या ओळी मुद्दाम ठळक व सुट्या लिहिल्या आहेत. सोबतचे कार्ड भिंगरीने तुझ्यासाठी कापले आहे. खिडकी किंचित तिरकी आहे. मी सरळ केलेली नाही. ते ठेवून सावकाश वाच. आणि वाटलेच, तर फोनवर मला वाचून दाखव. या घरात आता ऐकण्याची पाळी माझी आहे.

उशिरा उत्तीर्ण झालेला, तुझाच
बाबा