धुतलेला बॉल

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दमले. सुनीताने आज शाळेचा बॉल परत केला, घरून धुऊन. हैदराबादच्या फुटबॉल अकादमीत तिची निवड झालीय, आणि तिथल्या मुलींना शाळेच्या संघातून खेळायला बंदी. उद्या गुडीहत्नूरच्या शाळेशी मॅच. माझ्या संघात दहाच मुली उरल्या.

सुनीता म्हणाली, "उद्या खेळूनच जातो ना, मॅडम. तिथं कोणाले समजते?"

कॅप्टन लता म्हणाली, "जाय व माय, आमी हरतो दहाजणी!" सगळ्या हसल्या. सुनीता नाही.

'आधी संघ, मग आपण' हे मीच शिकवलं ना? तरी मीच म्हटलं, "जा." घरातून कॉलेजला जाणारी मी पहिली, निघाले तेव्हा आईही एवढंच म्हणाली होती. तिलाही असंच झालं असेल?

बॉल टेबलावर आहे, अजून ओला. उद्या तो मातीत न्यायला जिवावर येतंय.