रविवारची ब्रॅमली

१३ मार्च, रविवार

निर्णय झाला. ब्रॅमली घ्यायची.

कारणे क्रमाने नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी (पत्नीने, डोरीनने) विचारल्यास गोंधळ नको. पहिले: ज्याने चौतीस वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवले, त्याने बॉनेट उघडल्यावर केवळ काळे प्लॅस्टिक दिसते अशा गाडीत उरलेले आयुष्य काढणे योग्य नव्हे. ब्रॅमली सिक्स्टीनचे बॉनेट उघडले की इंजिन दिसते आणि इंजिनाभोवती जमीनही दिसते. दुसरे: वडिलांकडे हीच गाडी होती. आम्ही चार भावंडे, आई, कुत्रा आणि स्टोव्ह एवढ्यांना घेऊन ती दर उन्हाळ्यात फायली गावाच्या समुद्रावर जात असे. तिसरे: जाहिरातीत रंग 'हार्वेस्ट गोल्ड', म्हणजे सुगीचे सोने, असा दिला आहे.

योजना सोपी आहे. आठवडाभर गॅरेजमध्ये झाकून ठेवायची, रविवारी बाहेर काढायची. बाकी सगळा आनंद.

डोरीनने फोटो पाहिला. म्हणाली, "पिवळी मोहरी आहे ही." मग म्हणाली, "आपल्याकडे गाडी आहे, रोलंड." मी तिला समजावले की तिच्याकडे आहे ते वाहतुकीचे साधन. गाडी ही निराळी गोष्ट. ती म्हणाली, "बरं, मग साधनाने जाऊन दूध घेऊन येते."

१९ मार्च, शनिवार

गाडी पाहायला गेलो. मालकीणबाई मिसेस ब्रॅथवेट. यजमान हॅरल्ड दोन वर्षांपूर्वी वारले, गाडी त्यांची. माझी तयारी शास्त्रशुद्ध होती: टॉर्च, चुंबक (पत्रा खरा असेल तर चिकटते, गंजावर भराव थापलेला असेल तर गळून पडते) आणि गाडीखाली आडवे होण्यासाठी एक जुनी चादर.

परंतु चुंबक खिशातून निघण्यापूर्वीच चहा आला. सोबत केक, मधे जॅमचा थर असलेला, आणि तोही माझ्यासाठी सकाळी उठून केलेला. ज्या बाईने आपल्याला स्वतःच्या हातचा केक वाढला, तिच्या दिवंगत पतीच्या गाडीला तिच्यादेखत चुंबक लावून पाहणे कोणत्याही सभ्य माणसाला शक्य नाही. आडवे होणे तर दूरच. पाहणी स्वयंपाकघराच्या खिडकीतून केली. खिडकीतून गाडी उत्तम दिसते.

मिसेस ब्रॅथवेट म्हणाल्या, "हॅरल्ड तिला दर रविवारी पुसायचे हो." चालवायचे का, असे विचारणार होतो. तेवढ्यात त्यांनी डोळे टिपले. मी म्हणालो, "घेतली." त्या जरा दचकल्या. "पलीकडची बाजू नाही बघायची?" मी म्हणालो, "छे छे, काही गरज नाही." केकचा दुसरा तुकडा घेतला.

२७ मार्च, रविवार

ब्रॅमली घरी आली. ट्रेलरवरून आली, कारण बॅटरी विश्रांती घेत आहे.

शेजारी विचारत होते की हिची वार्षिक तपासणी झाली आहे का. त्यांना नियम सविस्तर सांगितला. चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला आपल्या देशात वार्षिक तपासणी लागत नाही. नव्या गाड्यांवर शासनाचा विश्वास नाही, म्हणून त्या तपासतात. ब्रॅमलीवर आहे.

गॅरेजमध्ये जागा करावी लागली. डोरीनचे साधन रस्त्यावर. यंदाची मदेरा बेटाची सहलही रद्द केली, कारण उन्हाळ्यात आपण गाडीचे सुख घेणार. ती बराच वेळ कप विसळत होती. मग तिने अट घातली: "सप्टेंबर संपायच्या आत मला हिच्यातून एकदा फायलीला ने आणि परत आण. जमलं तर राहू दे तिला. नाही जमलं तर ती गेली, आणि माझी गाडी आत."

सप्टेंबर! मी मे महिना म्हणणार होतो. घाईघाईने मान्य केले, न जाणो तिचा विचार बदलायचा.

३ एप्रिल, रविवार

सुरू झाली! गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो. आवाज अगदी वडिलांच्या गाडीसारखा. कदाचित थोडा मोठा.

ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलून पाहिला. खाली रस्ता दिसतो. प्रथमदर्शनी दोष वाटेल, परंतु विचार केला असता लक्षात येते की गाडीत पाणी साचण्याची शक्यता त्यामुळे मुळातच संपली आहे. डोरीनला सांगितले. तिने गालिचा परत खाली ठेवला, हलकेच, जसे एखाद्याचे तोंड झाकतात तसे.

१६ एप्रिल, शनिवार

गाडी दुरुस्तीला दिली. गॅरेजवाला स्टुअर्ट खाली गेला, वर आला, आणि दातांतून हवा आत ओढत उभा राहिला. इकडचा कारागीर ही हवा जितकी जास्त वेळ ओढतो तितके काम मोठे, हे लहान मुलालाही ठाऊक आहे. मला वाटले, आता थांबेल. थांबला नाही.

दरम्यान मी त्याला गंजाचे रसायनशास्त्र समजावून सांगितले. लोखंड, ऑक्सिजन, ओलावा. तिघांपैकी एक जरी काढून घेतला तरी क्रिया थांबते. तो म्हणाला, "लोखंड तर गेलंच आहे, काका."

तीन आठवडे लागतील म्हणतो.

२९ मे, रविवार

अजून तीन आठवडे.

१९ जून, रविवार

परत आली. खालून पूर्ण नवा पत्रा. आता खाली काही दिसत नाही. थोडे चुकल्यासारखे वाटते.

लगेच जुन्या गाड्यांच्या क्लबच्या मेळाव्याला नेली. गावातल्या हिरवळीवर साठेक गाड्या रांगेत, प्रत्येकीच्या मागे घडीच्या खुर्च्या, खुर्च्यांवर मालक, मालकांच्या मांडीवर थर्मास. सकाळी दहाला बसायचे, चारला उठायचे. येणारे-जाणारे गाडीकडे पाहतात आणि "आमच्या वडिलांकडे होती" म्हणतात. आपण "हो का!" म्हणायचे. इतके निर्भेळ सुख मी निवृत्तीनंतर अनुभवलेले नाही.

क्लबचे सचिव नेव्हिल यांच्याशी परिचय झाला. त्यांची गाडी सहा वर्षे चाललेली नाही. ट्रेलरवरून येते, ट्रेलरवरून जाते. त्यांचा सिद्धांत: "चालवली की बिघडते, मिस्टर आउथवेट. न चालवलेली गाडी आजवर वाटेत बंद पडलेली मी पाहिली नाही." युक्तिवादात त्रुटी शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. सापडली नाही.

डोरीन अंगावर घोंगडी घेऊन कादंबरी वाचत होती. दुपारी म्हणाली, "फायली इथून कुठल्या दिशेला?" मी दिशा दाखवली. ती त्या दिशेला तोंड करून बसली.

१७ जुलै, रविवार

फायली. पहिला प्रयत्न. निघताना ऊन कडक, आकाश निरभ्र, अंड्याची सँडविचेस तयार. डोरीनने निळी ओढणी बांधली होती, ती खास दिवशीच बांधते.

पहिल्याच चढाला तापमानाचा काटा लाल भागाकडे निघाला. घाबरण्याचे कारण नव्हते. यावर एक सुंदर उपाय आहे. गाडीतला हीटर म्हणजे वस्तुतः दुसरा, छोटा रेडिएटर. तो पूर्ण सोडला की इंजिनातली उष्णता प्रवाशांकडे वळते आणि इंजिनाला आराम पडतो. मी हीटर पूर्ण सोडला. काटा खरोखर खाली आला! डोरीनला म्हणालो, "पाहिलंस? उष्णता कुठे नाहीशी होत नाही, फक्त जागा बदलते." ती म्हणाली, "ती माझ्या बुटात आली आहे, रोलंड."

पुढच्या चढाला तिने बूट काढले. त्यापुढच्या चढाला मोजेही. मग सँडविचेसना वास यायला लागला आणि आम्ही वळलो.

प्रयोग म्हणून मोहीम यशस्वी. समुद्राचा भाग तेवढा राहिला.

२४ जुलै, रविवार

रेडिएटर काढला. धुतला. बसवला. एक नट उरला आहे. हा आधीपासूनच जादा असणार.

७ ऑगस्ट, रविवार

पाण्याचा पंप. मिळत नाही. नेव्हिलना फोन केला. त्यांचे मत, ब्रॅमलीचा पंप हा अत्यंत विश्वासार्ह. न फिरवल्यास तीस वर्षे टिकतो.

२१ ऑगस्ट, रविवार

पाऊस. पंप आला. दुसऱ्याच मॉडेलचा.

डोरीन सकाळीच कुठे तरी गेली होती. संध्याकाळी केसांत वाळू घेऊन आली. फायलीला गेले होते म्हणाली. कशाने, असे मी विचारले. "बसने." किती वेळ लागला? तिने सांगितले. मी म्हणालो, बसचा रस्ता लांबून आहे, ब्रॅमलीने पंधरा मिनिटे वाचतील. ती म्हणाली, "मला गाडी नकोय, रोलंड. तुझ्याबरोबर एक रविवार हवाय."

हे फार उत्साहवर्धक आहे. तिने वार स्वतःहून रविवारच निवडला, आणि ब्रॅमली ही रविवारचीच गाडी आहे. तिचे मन वळत आहे. पंप बसवायला गेलो.

११ सप्टेंबर, रविवार

योग्य पंप बसला. गाडी थंड असताना हात लावताच सुरू होते. गरम असताना स्टार्टर फक्त 'टक' म्हणतो. तेव्हा इंजिन निवेपर्यंत दीड तास थांबायचे. एवढी एक सवय सोडली तर गाडी निर्दोष आहे.

डोरीन: "आणखी दोन रविवार." मी: "पुरेसे आहेत." यातला पुढचा रविवार क्लबच्या वार्षिक मेळाव्याचा, तो टाळता येत नाही. म्हणजे एक.

२५ सप्टेंबर, रविवार. सकाळी ७

हवा थंड. म्हणजे हीटर हवासाच वाटेल. डोरीन ओढणी बांधून तयार. आज काय होणार हे मला आतून ठाऊक आहे.

तोच दिवस. दुपारी १२.१०. फायली.

पोहोचलो! समुद्र समोर आहे. वाटेत काटा एकदाही लाल भागात गेला नाही. एका चढावर डोरीन चक्क गुणगुणत होती. ही नोंद गाडीतच लिहितो आहे, कारण इंजिन चालू आहे.

ते बंद करणे शहाणपणाचे नाही. गरम आहे. बंद केले तर 'टक'. आणि चालू गाडी सोडून उतरता येत नाही. हे सर्व मी डोरीनला पायरीपायरीने समजावले. ती म्हणाली, "म्हणजे आपण समुद्रावर आलो आहोत, आणि तू उतरणार नाहीस." मी म्हणालो, काचेतून उत्तम दिसतो.

ती एकटी चालायला गेली आहे. निळी ओढणी लांबवर दिसते. आता दिसत नाही.

१२.५०

डोरीनने खिडकीतून मासा आणि चिप्स दिले. व्हिनेगर भरपूर. आत येऊन बस म्हणालो, तर म्हणाली, धूर येतो. खिडकीशी उभी राहून खाल्ले तिने. मी आत, ती बाहेर. मधे तिची चिप्सची पुडी.

१.१५

नगरपालिकेच्या जाकिटातले एक गृहस्थ आले. "काका, इंजिन बंद करा. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायला परवानगी नाही इथे." मी त्यांना गरम स्टार्टरची कुंडली आरंभापासून सांगितली: आतले वेटोळे तापते, तारेचा रोध वाढतो, हवी तेवढी वीज वाहत नाही. त्यांनी मन लावून ऐकून घेतले. मग म्हणाले, "पण मग तुम्ही खाली कधी उतरणार?"

डोरीनही वाकून उत्तराची वाट पाहत होती.

मी किल्ली फिरवली. एकदम इतकी शांतता झाली की लाटा ऐकू आल्या.

सायंकाळी ६.३०. घरी.

बंद केल्यावर आम्ही बाकावर बसलो, दीड तास, दोन तास. वारा होता. चांगले वाटले, हे नमूद करतो. त्यानंतर इंजिन पूर्ण निवलेले असतानाही 'टक'. पुन्हा 'टक'. मग 'टक' सुद्धा नाही.

ब्रॅमली मदतीला बोलावलेल्या लॉरीवर चढली. आम्ही दोघे पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. ड्रायव्हर डोरीनला म्हणाला, "काकू, खिडकीशी बसा, वरून छान दिसतं." ती बसली. वाटेतले माल्टन गाव येईपर्यंत ती वळून वळून बाहेर पाहत होती. "एवढी वर्षं या रस्त्याने गेलो, रोलंड, पण या कुंपणांच्या पलीकडे शेतं आहेत हे मला आज कळलं." ड्रायव्हरने तिला बिस्कीट दिले. दोघांची चांगलीच गट्टी जमली.

अटीतील 'परत आण' या भागाबद्दल मी एक मुद्दा तयार केला होता: गाडी परत आली, आम्हीही परत आलो, आणि एकाच वेळी आलो. डोरीनच्या चेहऱ्याकडे पाहिले. तो रागावलेला असता तर मांडला असता.

नाही मांडला.

२६ सप्टेंबर, सोमवार

विक्रीची जाहिरात लिहिली. दोन पाने झाली. चुंबकत्व, शीतकरण, रंगाचा इतिहास. डोरीनने ती वाचून घडी केली आणि स्वतः एक ओळ लिहून दिली. ती दुपारीच लागली.

संध्याकाळी फोन आला. कोणी उत्साही गृहस्थ होते, स्कार्बरोचे. त्यांचा पहिलाच प्रश्न, चालते का? मी थंड इंजिन आणि गरम इंजिन यांतल्या मूलभूत फरकापासून सुरुवात केली. डोरीनने माझ्या हातातून फोन घेतला.

"चालते ना," ती म्हणाली. "समुद्रापर्यंत जाते."

पलीकडून त्यांनी बहुधा परत येण्याविषयी विचारले असावे.

"ते तुमचं तुम्ही बघा," डोरीन म्हणाली, "पण बरोबर कुणाला तरी घेऊन जा."