काजळचा पुढचा डावा पाय

गुरु., ११ डिसें.
स्पर्धेआधीचा शेवटचा सराव. काजळ, माझी घोडी, सुरेख पळाली, घाबरले ती मीच. ऑगस्टमध्ये ओंडक्यावरून उडी घेताना ती अडखळली आणि मी पडले, तेव्हापासून जाड लाकूड दिसलं की धास्ती वाटते. कॉलरबोन कधीच जुळलंय. एक्सरे तीनदा पाहिलाय. पेशंटना रोज सांगते, हाड जुळलं की घाबरायचं कारण नाही. फिजिओथेरपिस्ट!

आम्हाला शिकवणाऱ्या शिंदे काकांना म्हटलं, माझ्याऐवजी दुसरं कुणी बघा. घोडदळातून रिटायर झालेला माणूस, चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत. घोडीच्या पाठीवर खरारा करत राहिले.
"तिघांची टीम हाय ताई. तुम्ही नाय तर ऋतुजा आन् डॉक्टर पण नाय."
म्हणजे जायचं.

शुक्र., १२ डिसें.
नाशकातच, द्वारका चौकात, घोड्यांचा ट्रक अर्धा तास अडकला. मी मागे गाडीत. काजळ आत लाथा मारत होती, माझ्यापर्यंत आवाज येत होता.
स्पर्धेचं मैदान घोटीच्या अलीकडे. भात कापून झालेल्या खाचरांमधून अडथळे मांडलेत. संध्याकाळी व्हेटने, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरने, कुणी लंगडतंय का ते एकेक घोडा पळवून पाहिलं. आमचे तिन्ही पास.
काजळ पास झाली तेव्हा मला वाईट वाटलं. लिहायची लाज वाटते, पण इथे तरी खरं लिहावं.

शनि., १३ डिसें.
सकाळी ड्रेसाज. आखलेल्या चौकटीत चालायचं, वळायचं, थांबायचं. ते जमतं. डॉ. मोरेंचंही बरं झालं, ऋतुजाचं तर फारच छान. टीम दुसरी!
ऋतुजा एकोणीस वर्षांची, एस.वाय.ला. चहा पिताना म्हणाली, पदक मिळालं तर बाबा घोडा ठेवणार आहेत, नाहीतर विकायचा ठरलंय. हसत सांगितलं, पण कप हातात तसाच.

दुपारी पायी फिरून उद्याच्या क्रॉस-कंट्रीचा, म्हणजे रानातून अडथळे उडत जायच्या फेरीचा, मार्ग पाहिला. अठरा अडथळे. नऊ नंबर उतारावर. माझ्या कमरेच्या वर आलेला ओंडका, आणि त्यापलीकडची जमीन दिसतच नाही. डॉक्टर पावलं मोजत होते. मी मोजायची विसरले. काका म्हणाले, तिथे नजर वर ठेवा, बाकी घोडीला ठरवू द्या.
जेवण गेलं नाही. नवऱ्याने, प्रशांतने, फोनवर विचारलं, भीती वाटतेय का. थोडीशी, म्हटलं. तो उद्या येतोय.

रवि., १४ डिसें., दुपार, गाडीत
संपलं. जमेल तसं लिहिते.

ऋतुजा आणि डॉक्टर आधी गेले. दोघेही एकही अडथळा न चुकता आले. मी नीट पार केलं असतं तर पदक जवळजवळ हातात होतं.
पहिले आठ कसे गेले आठवत नाही. काजळ नेत होती, मी बसले होते. मग उतार आला. नऊच्या आधी मला वाटलं, तिचा पुढचा डावा पाय कमी टेकतोय. एकदा. पुन्हा एकदा. मी लगाम ओढला. ती लगेच थांबली. मी हात वर केला. अडथळ्यापाशी बसलेल्या पंच बाई उठून उभ्या राहिल्या, लागलंय का विचारलं. मी म्हटलं, घोडी लंगडतेय. उतरले आणि तिला हाताने धरून परत आणलं.
टीम बाद.

व्हेटने पाय दाबला, वाकवला, तिला पळवून पाहिलं. काही नाही. खडा लागला असेल, निघून गेला असेल, म्हणाला. माझ्याकडे न बघता.
ऋतुजाने मला पाणी आणून दिलं. मग तिच्या घोड्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. खांदे हलत होते.
प्रशांत म्हणाला, "बरं केलंस थांबलीस." फार पटकन म्हणाला.

सोम., १५ डिसें.
क्लिनिक. पहिलेच पेशंट गुडघ्याचे. सगळे रिपोर्ट साफ, तरी पाय टेकवत नाहीत. अशांना मी नेहमी सांगते की तुमचं दुखणं खोटं नाही, फक्त ते गुडघ्यात नाही, भीतीत आहे. आज तेवढं सोडून बाकीचं सांगितलं. व्यायाम लिहून दिले.
काकांचा फोन नाही. मीही केला नाही.
काल सगळ्यांना किती ठामपणे सांगितलं मी, लंगडत होती म्हणून.

मंगळ., १६ डिसें.
क्लिनिकआधी तबेल्यात गेले. काका काजळला दोन दिवस पळवून बघतायत. म्हणाले, मला तर काय दिसलं नाय, पण वर मी नव्हतो बसलो. खूर साफ करता करता त्यांनी विचारलं.
"पाय खरंच कमी पडत होता, का तुम्ही घाबरलात?"
"मला माहीत नाही, काका."
रविवारपासून हे पहिल्यांदाच तोंडाने बोलले. रागावतील वाटलं.
"मंग हे ऋतुजाला सांगा. मला सांगून काय उपयोग?"

बुध., १७ डिसें.
सांगितलं. कॉलेजबाहेर, रसवंतीच्या बाकावर. मी घाबरले होते, पाय जाणवला तो खरा की भीतीचा, मला अजूनही कळत नाहीये, हे सगळं. तिने रसाचा ग्लास बाजूला ठेवला.
"ताई, तुम्ही खोटंच सांगत राहिला असतात तर मला बरं पडलं असतं."
मग म्हणाली, बाबांना वाटतंय तिच्याच चुकीने पदक गेलं. ती किती सांगते, ऐकत नाहीत. रविवारी घोडा बघायला माणसं येणार आहेत, त्याआधी मी घरी येऊन बाबांना हे सांगावं. सगळं. घाबरले होते तेसुद्धा.
तिचे वडील मी दोनदा पाहिलेत. मोठा आवाज, समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाहीत.
हो म्हटलंय. रविवारी सकाळी नऊ. काय म्हणायचं ते तीनदा लिहून काढलं, तीनदा फाडलं. प्रशांत म्हणतो मी येतो सोबत. नको म्हटलं.